टर्मिनल परत आलंय. प्रॉम्प्टवर ड्रॅगन लावायच्या आधी हे वाचा

दिवाळीत खांडबाऱ्याला घरी गेलो होतो. आतेभाऊ नंदुरबारला डिप्लोमा करतो, दुसरं वर्ष. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो तर तो फोन घेऊन आला. "दादा, हे बघ." टर्मक्स उघडलं. काळी स्क्रीन. एक, दोन, तीन, चार सेकंद काहीच नाही. मग हिरव्या अक्षरांचा ड्रॅगन, त्याखाली कवटी, त्याखाली त्याचं नाव चमकणाऱ्या चौकटीत, आणि सगळ्यात शेवटी एक बाण. बाणापुढे कर्सर.

"भारी आहे," मी म्हणालो. "आता तू कुठल्या फोल्डरमध्ये आहेस?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. ड्रॅगन होता, कवटी होती, फोल्डरचं नाव नव्हतं. "ते काय माहीत," म्हणाला.

हा लेख त्या "काय माहीत"बद्दल आहे. विषय तसा छोटा वाटतो: टर्मिनलमध्ये कर्सरच्या आधी जी एक ओळ दिसते ती, म्हणजे प्रॉम्प्ट. पण गेल्या काही काळात ही ओळ अचानक लाखो नव्या पोरांच्या स्क्रीनवर आली आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती यूट्यूब व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमधून कॉपी केली आहे.

टर्मिनल परत का आलं

पाच-सात वर्षांपूर्वी मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा टर्मिनल म्हणजे लॅबमधली आणि इंटरव्ह्यूपुरती गोष्ट होती. सगळ्यांना वाटायचं, आता सगळं बटणांवर चालणार. झालं उलट. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड कोड आणलं, एप्रिलमध्ये ओपनएआयने कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये गुगलने जेमिनी सीएलआय. तिन्ही एआय साधनं, आणि तिन्ही टर्मिनलमध्ये चालणारी. कारण सरळ आहे: भाषेचं मॉडेल मजकूर वाचतं आणि मजकूर लिहितं, आणि कॉम्प्युटरचा जो भाग संपूर्ण मजकुरावरच चालतो तो टर्मिनल. माउस कुठे न्यायचा हे शिकवण्यापेक्षा कमांड लिहायला लावणं सोपं.

दुसरी बातमी फोनवाल्यांसाठी जास्त जवळची. मार्च २०२५ च्या अपडेटमध्ये गुगलने पिक्सेल फोनवर 'टर्मिनल' नावाचं स्वतःचं अ‍ॅप दिलं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट चालू केलं की फोनच्या आत एका व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खं डेबियन लिनक्स चालतं. पिक्सेल आपल्याकडे किती जणांकडे आहे हा भाग वेगळा. पण ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे टर्मक्स आहे, आणि त्याला साधा जुना अँड्रॉइड फोनही पुरतो. आमच्या आतेभावाचा फोन चार वर्षं जुना आहे, स्क्रीनला उभी चीर आहे, आणि त्यावर पायथन व्यवस्थित चालतं.

म्हणजे लॅपटॉप नसलेल्या पोराच्या हातात पहिल्यांदा खरं लिनक्स आलंय. ही मला मनापासून चांगली बातमी वाटते. आणि हातात आल्यावर पहिलं काय करतात? प्रॉम्प्ट सजवतात. आम्हीही तेच केलं होतं, उगाच शहाणपणा नको.

हा शब्द आला कुठून

गावात गणपतीत नाटक पाहिलं असेल तर प्रॉम्प्टर माहीत असेल. विंगेत पुस्तक घेऊन बसलेला माणूस, नट अडखळला की हळूच पुढचा शब्द सांगणारा. टर्मिनलचा प्रॉम्प्ट तोच: मशीन आपल्याला खुणावतं की माझं झालं, आता तुझं वाक्य. १९७९ च्या युनिक्स आवृत्ती ७ मध्ये जे बॉर्न शेल आलं त्यात ही खूण एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेली होती, नाव पीएस वन, म्हणजे 'प्रॉम्प्ट स्ट्रिंग वन'. साध्या युजरला $ दिसायचं, रूटला, म्हणजे मशीनच्या मालकाला, #. पीएस टू सुद्धा आहे: कमांड अर्धवट ठेवून एंटर मारलं की जो > दिसतो तो. नवी पोरं तिथे अडकली की घाबरून अ‍ॅपच बंद करतात. घाबरू नका, कंट्रोल आणि सी दाबा.

गंमत अशी की आज 'प्रॉम्प्ट' म्हटलं की तुम्हाला चॅटजीपीटीला लिहायचं वाक्य आठवतं. शब्द तोच, दिशा पूर्ण उलटी. आधी मशीन माणसाला खुणवायचं, आता माणूस मशीनला खुणावतो. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

मशीनला खुणावताना "माझं झालं" एवढंच सांगायची गरज होती तेव्हा $ पुरलं. पण मग एकाच माणसाने एकाच टेबलावरून दहा मशीन चालवायला सुरुवात केली, आणि प्रश्न बदलला: माझं झालं, पण 'मी' म्हणजे कोण? त्यामुळे आज डेबियन किंवा उबुंटूवर जो प्रॉम्प्ट दिसतो त्यात युजरचं नाव, मग @, मग मशीनचं नाव, मग फोल्डर आणि शेवटी $ असतं. टर्मक्समध्ये मात्र फक्त ~ $ दिसतं, कारण फोन एकच, युजर एकच; सांगायचं काय? टर्मक्सवाल्यांनी हा विचार करूनच प्रॉम्प्ट एवढा आखूड ठेवला असावा असं मला वाटतं, आणि तो मला आवडतो.

खांडबाऱ्याच्या वाचकाला हे समजावायला मला फार लांब जावं लागत नाही. इथून सुरतेकडे जाणारी गाडी पकडली की नवापूर लागतं. त्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्ममधूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये. मधे एक बाक आहे, अर्धा इकडे अर्धा तिकडे, लोक त्यावर बसून फोटो काढतात. पायाखालची फरशी दोन्हीकडे सारखीच. रंगवलेली पाटी नसती तर तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात हे कळलं नसतं, आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे, तेव्हा काही लोकांसाठी हा प्रश्न फोटोपेक्षा जास्त महत्त्वाचा असू शकतो. सर्व्हर असेच असतात. फरशी सारखी, कायदा वेगळा.

पाटी नसल्याने काय झालं

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब, म्हणजे जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या सेवांपैकी एक. त्यांच्याकडे डेटाबेसची दोन मशीन होती: एक मुख्य, दुसरं त्याची चालू नक्कल ठेवणारं. त्या रात्री नक्कल मागे पडली. एक इंजिनिअर उशिरापर्यंत बसून ती नीट करत होता. त्याने ठरवलं की दुसऱ्या मशीनवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करून नक्कल पहिल्यापासून सुरू करू. निर्णय चूक नव्हता. कमांडही चूक नव्हती. मशीन चूक होतं.

एकाचं नाव डीबी१, दुसऱ्याचं डीबी२. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने कमांड थांबवली, पण तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते.

पुढचं अजून वाईट. रोजचे बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हते, कारण बॅकअप घेणारं साधन डेटाबेसच्या वेगळ्या आवृत्तीचं होतं. आणि ते फेल होत असल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. वाचवलं एका योगायोगाने: सुमारे सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. तरी साधारण ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती यांच्या नोंदी गेल्या. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. हे करायला हिंमत लागते.

पण आपल्या विषयाचं ते नंतरचं. पुढे काय सुधारायचं याची त्यांनी जाहीर यादी केली. बॅकअप तपासणं वगैरे होतंच, पण त्यात हेही होतं: सगळ्या मशीनवरचा पीएस वन बदला. प्रॉडक्शन लाल, स्टेजिंग पिवळं, आणि मशीनचं फक्त 'डीबी१' असं तुटकं नाव नको, पूर्ण नाव दाखवा.

हे तुटकं नाव येतं कुठून? बॅश शेलमध्ये प्रॉम्प्ट लिहिताना बॅकस्लॅश आणि लहान एच टाकलं तर मशीनचं नाव पहिल्या टिंबापर्यंतच दिसतं. प्रॉडक्शनचं डीबी१ असो की स्टेजिंगचं, दोन्ही 'डीबी१'च. मोठा एच टाकला तर पूर्ण नाव. एका शिफ्ट कीचा फरक आहे हा.

मी हे सगळं एवढ्या अधिकाराने सांगतोय कारण मी स्वतः पायावर धोंडा मारून घेतलाय. पहिली नोकरी, आठवा महिना. मी सुट्टीत याच घरी, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. दोन खिडक्या उघड्या: एक टेस्ट सर्व्हर, एक खरा. दोन्ही क्लाउडवरचे, दोन्हींची नावं क्लाउडने आपोआप दिलेली, म्हणजे 'उबुंटू', मग @, मग 'आयपी' आणि आकड्यांची माळ. दोन माळांत फरक फक्त शेवटच्या तीन अंकांत. नेटवर्क गेलं. खिडकी गोठली. मी वैतागून टेस्टवरचं अपलोडचं फोल्डर उडवायची कमांड टाइप केली, एंटर मारलं, काही झालं नाही म्हणून उठून चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा नेटवर्क आलं होतं. गोठलेल्या खिडकीत टाइप केलेलं हवेत जात नाही बरं का; जोडणी जिवंत असेल तर ते रांगेत थांबतं आणि नेटवर्क आलं की पलीकडे पोचतं. पोचलं. खऱ्या सर्व्हरवर.

बॅकअप रात्रीचा होता. सकाळपासून लोकांनी अपलोड केलेले कागद गेले. बाहत्तर जणांना फोन करून "सर, तुमची फाइल पुन्हा पाठवाल का" म्हणायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मलाच यायला हवं होतं. एक आजोबा म्हणाले, बेटा, मी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्कॅन करून आणलं होतं, पुन्हा बारा किलोमीटर जाऊ का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या खऱ्या सर्व्हरची पट्टी लाल आहे. गोठलेली खिडकीसुद्धा लालच राहते, हा त्याचा मोठा फायदा.

आता स्वतः करून बघा

इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाइप करायचे आहेत. मी इथे फक्त त्यांची नावं सांगतोय. आधी टर्मिनलमध्ये नुसतं पीएस वन, बरोबरचं चिन्ह आणि एकेरी अवतरणात हवा तो मजकूर लिहून एंटर मारा. लगेच बदलेल. बिघडलं तर खिडकी बंद करून नवी उघडा, जुनं परत येईल. आवडलं की मगच होम फोल्डरमधल्या टिंब-बॅशआरसी या फाइलीत शेवटी ती ओळ टाका. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या असतात, म्हणून दिसत नाहीत.

अवतरणात काय लिहायचं? बॅकस्लॅश-यू म्हणजे युजर, बॅकस्लॅश-एच मशीन, बॅकस्लॅश-लहान डब्ल्यू पूर्ण फोल्डरचा रस्ता, मोठा डब्ल्यू त्यातलं फक्त शेवटचं नाव. बॅकस्लॅश-टी टाकलं तर वेळ. ही वेळ मला फार कामाची वाटते, कारण नंतर वर स्क्रोल केलं की कुठली कमांड कधी मारली ते दिसतं. त्या चहाच्या दिवशी माझ्याकडे ती असती तर काय घडलं हे शोधायला अर्धा तास गेला नसता. शेवटी बॅकस्लॅश-$ ठेवा. नुसतं $ नाही, बॅकस्लॅश लावूनच, कारण मग तुम्ही रूट झालात की ते आपोआप # होतं.

रंगासाठी बॅकस्लॅश-ई, उघडता चौकटी कंस, आकडा, आणि एम. ३१ लाल अक्षरं, ३२ हिरवी, ३३ पिवळी, ४१ लाल पार्श्वभूमी, आणि ० म्हणजे सगळं पूर्ववत. इथे निम्मे लोक चुकतात. रंगाच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी बॅकस्लॅश-उघडता चौकटी कंस आणि नंतर बॅकस्लॅश-बंद चौकटी कंस लावायचाच. त्याने बॅशला कळतं की ही अक्षरं स्क्रीनवर जागा घेत नाहीत. नाही लावलं तर सुरुवातीला सगळं छान दिसतं, आणि मग लांब कमांड लिहिली की ओळ स्वतःवरच चढते, बॅकस्पेस भलतंच खोडतं. फोनच्या अरुंद स्क्रीनवर तर हे दुसऱ्याच कमांडला होतं. मॅकवाल्यांनो, २०१९ पासून तुमचं डीफॉल्ट शेल झेड-शेल आहे. तिथे बॅकस्लॅशऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि अक्षरंही थोडी वेगळी, पण कल्पना हीच.

एक गोष्ट ट्युटोरियलमध्ये सहसा सांगत नाहीत. सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल करायचा असेल तर सेटिंग सर्व्हरवर करावं लागतं, तुमच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर नाही. तुम्ही एसएसएचने आत गेलात की प्रॉम्प्ट छापणारं शेल तिकडचं असतं. पाटी ज्या गावाची, त्याच गावात रोवायची.

कॉलेजातून सुपरकॉम्प्युटर वापरायची संधी मिळणाऱ्यांसाठी हे आणखी थेट आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला देशात तीन परम रुद्र सुरू झाले, त्यातला एक पुण्याला, जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी. अशा मोठ्या यंत्रणांवर तुम्ही आधी लॉगिन नोडवर येता, आणि खरं गणित वेगळ्या कंप्यूट नोडवर चालवायचं असतं. लॉगिन नोड सगळ्यांचा सामायिक, तिथे जड प्रोग्राम चालवला की बाकीचे सगळे अडकतात. नवा विद्यार्थी हमखास तेच करतो. मशीनचं नाव प्रॉम्प्टमध्येच लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

आणि मराठी? आतेभावाला प्रॉम्प्टमध्ये देवनागरीत नाव हवं होतं. करता येतं, पण भांडण होतं. टर्मिनल म्हणजे चौकोनी रकान्यांची वही: एका अक्षराला एक रकाना. 'खां'मध्ये आपल्याला दिसतं एक अक्षर, कॉम्प्युटरला दिसतात तीन: ख, काना आणि अनुस्वार. त्यांना किती रकाने द्यायचे याचा हिशोब वेगवेगळी टर्मिनलं वेगवेगळा करतात. शेल एक मोजतं, स्क्रीन दुसरं दाखवते, कर्सर तिसरीकडेच. यावर माझा जुगाड: दोन ओळींचा प्रॉम्प्ट करा. बॅकस्लॅश-एन टाकलं की नवी ओळ. वरच्या ओळीत देवनागरी, खालच्या ओळीत फक्त $. ज्या ओळीत तुम्ही टाइप करता तिच्यात देवनागरी नसली की हिशोब चुकायला जागाच उरत नाही.

ड्रॅगनच्या पोटात काय होतं

चार सेकंद का लागत होती, हे मला गप्प बसू देईना. रात्री त्याची बॅशआरसी उघडली. दीडशेच्या वर ओळी. त्यातली एक ओळ, टर्मिनल उघडलं की दर वेळी, इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून काहीतरी उतरवत होती आणि तसंच्या तसं चालवत होती. चार सेकंद म्हणजे आमच्याकडचं नेटवर्क. ते काहीतरी म्हणजे ड्रॅगनचं चित्र. मी ते उतरवून वाचलं, आत खरंच चित्रच होतं, वाईट काही नव्हतं.

त्या दिवशी. उद्या त्या पत्त्यावर दुसरं काही ठेवलं तर आतेभावाचा फोन ते विचारल्याशिवाय चालवणार. आणि टर्मक्सला त्याने स्टोरेजची परवानगी दिलेली होती. बँकेच्या अ‍ॅपच्या आतला डेटा टर्मक्सला दिसत नाही, अँड्रॉइड तेवढं वेगळं ठेवतं. पण गॅलरीतले फोटो, डाउनलोडमधली मार्कशीट, आधारचं पीडीएफ, हे सगळं दिसतं.

हे का होतं ते सांगतो. प्रॉम्प्टची थीम म्हणजे वॉलपेपर नाही. वॉलपेपर चित्र असतं, थीम प्रोग्राम असतो. तो टर्मिनल उघडताना चालतो, आणि त्यातला काही भाग तुम्ही एंटर माराल त्या प्रत्येक वेळी चालतो. शिवाय चांगले, प्रामाणिक प्रकल्पसुद्धा, ओह माय झेड-शेल किंवा स्टारशिपसारखे, "ही एक ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका" असंच सांगतात. त्यांच्यावर माझा आक्षेप नाही, मी स्वतः स्टारशिप वापरतो. पण त्यामुळे हाताला सवय लागते. आणि याच सवयीवर सध्याचा एक मोठा फ्रॉड उभा आहे, नाव क्लिकफिक्स. वेबसाइट म्हणते, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. विंडोज आणि आर दाबा, पेस्ट करा, एंटर मारा. तुम्ही पेस्ट काय केलं ते तुम्हीच बघितलेलं नसतं. मॅकवर तेच टर्मिनल उघडायला सांगून करतात. व्हायरस तुमच्या मशीनमध्ये घुसत नाही, तुम्हीच त्याला हाताला धरून आत आणता.

थीममध्ये वाईट हेतू नसला तरी भानगड होऊ शकते. गिटच्या सोबत मिळणारी एक प्रॉम्प्ट स्क्रिप्ट आहे, चालू ब्रँचचं नाव दाखवणारी. तिच्या जुन्या आवृत्तीत ब्रँचचं नाव न तपासता प्रॉम्प्टमध्ये जायचं. कुणी ब्रँचच्या नावातच कमांड लिहून ठेवली तर ती तुमच्या मशीनवर चालायची. दोष २०१४ च्या यादीत नोंदला आहे. एप्रिल २०२२ मध्ये दुसरा निघाला: अनेक जण वापरत असलेल्या मशीनवर कुणी वरच्या फोल्डरमध्ये गिटचं खोटं सेटिंग ठेवलं, आणि तुम्ही नुसतं त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये गेलात, तरी तुमचा प्रॉम्प्ट गिटला स्थिती विचारायला जायचा आणि त्या सेटिंगमधली कमांड चालायची. तुम्ही काही टाइपसुद्धा केलेलं नाही. गिटने ती आवृत्ती २.३५.२ मध्ये दुरुस्त केली. कॉलेजच्या लॅबमध्ये शेअर केलेली मशीन असतात, तिथे गिटची आवृत्ती एकदा बघून घ्या.

तुमच्या फाइलीत शोधायचं असेल तर चार शब्द पुरे: कर्ल, डब्ल्यूगेट, इव्हॅल, बेस६४. पहिले दोन इंटरनेटवरून उतरवतात, तिसरा मजकुराला कमांड बनवून चालवतो, चौथा मजकूर ओळखू येणार नाही असा करतो. सापडले म्हणजे चोरी झाली असं नाही. बऱ्याच चांगल्या साधनांच्या ओळीतही इव्हॅल असतो. पण ती ओळ कुणी टाकली आणि का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

लाल पट्टी एआयला दिसत नाही

आता तो उलटा झालेला शब्द. गिटलॅबने लाल-पिवळ्या रंगाचा उपाय शोधला तो माणसाच्या डोळ्यासाठी. पण आता कमांड टाइप करणारा माणूस नसेल तर? एआय एजंट कमांड चालवतो तेव्हा शेल सहसा नॉन-इंटरॅक्टिव्ह असतं. त्यात प्रॉम्प्ट छापलाच जात नाही, पीएस वन वाचलाच जात नाही. एजंट कमांड पाठवतो, उत्तर घेतो, पुढची पाठवतो. तुम्ही रोवलेल्या पाटीसमोरून तो जातच नाही.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिटवर हे दिसलं. सास्टरचे संस्थापक जेसन लेमकिन तिथल्या एआय एजंटकडून अ‍ॅप बनवून घेत होते. आता काही बदलायचं नाही असं सांगितलेलं असताना एजंटने खरा डेटाबेस उडवला, हजाराहून जास्त लोकांच्या आणि कंपन्यांच्या नोंदी असलेला. वर हेही म्हणाला की परत आणता येणार नाही. ते चूक होतं, डेटा परत आणता आला. रेप्लिटच्या सीईओंनी माफी मागितली आणि जाहीर केलं की विकासासाठीचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवणार.

फरक बघा. २०१७ चा धडा होता पाटी लावा. २०२५ चा उपाय आहे भिंत बांधा. नवापूरच्या प्लॅटफॉर्मवर भिंत नाही आणि नकोच, कारण तिथे वाचणारी माणसं आहेत. एजंटला मात्र खऱ्या सर्व्हरची चावीच त्या मशीनवर मिळता कामा नये. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर आता असंच आहे: एजंट ज्या युजरखाली चालतो त्याच्याकडे प्रॉडक्शनची एकही की नाही. तो कितीही हुशार निघाला तरी दार नाही.

एक पाटी मात्र अजून आपल्यासाठी उरली आहे. एजंट काही करण्याआधी विचारतो: ही कमांड चालवू का? हो, नाही, आणि तिसरा पर्याय, पुन्हा विचारू नकोस. मशीन माणसाला खुणावतंय. हा जुन्या अर्थाचा प्रॉम्प्ट आहे, आणि माझ्या आसपासचे अनुभवी लोकसुद्धा तिसऱ्या दिवशी तो तिसरा पर्याय दाबतात. मीही एका छोट्या प्रोजेक्टवर दाबलाय, उगाच साधुपणा करत नाही. फक्त डिलीट आणि पुश यांना वगळून.

आतेभावाच्या फोनवरची ती उतरवणारी ओळ आम्ही काढली. ड्रॅगन गेला म्हणून तो थोडा खट्टू झाला, तेव्हा ते चित्र एका साध्या फाइलीत ठेवून 'ड्रॅगन' टाइप केलं की दिसेल अशी सोय केली. टर्मक्स आता लगेच उघडतं. वरच्या ओळीत देवनागरीत खांडबारा, फोल्डर आणि वेळ; खालच्या ओळीत $. उन्हाळ्यात त्याची इंटर्नशिप आहे, तिथे खरा सर्व्हर मिळणार आहे म्हणे. जाताना मला गाडीवर बसवायला आला तेव्हा विचारत होता, "दादा, लाल पट्टीचा आकडा ४१ ना?"